ताईंचं तिकीट कापलं, आणि आता माझी वही मागतायत

चाळकरी | ३० डिसेंबर, रात्री ११.४०

आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. लांबेल, सांभाळून घ्या.

पक्षाचं नाव लिहीत नाही, वॉर्डाचा नंबरही नाही. भायखळा आणि शिवडीच्या मधला भाग, एवढं पुरे. ताईंना विचारल्याशिवाय त्यांचं नाव चव्हाट्यावर आणायचं नाही मला.

२०१२ पासून मी ताईंबरोबर आहे. २०१७ ला आमचा वॉर्ड आरक्षणात गेला. तेव्हा ताईंना सांगितलं होतं, ‘पुढच्या वेळी नक्की.’ ती पुढची वेळ यायला जवळजवळ नऊ वर्षं लागली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले. मग कधी २३६ वॉर्ड, कधी परत २२७, मध्ये कोर्ट, निवडणूक आपली पुढेच. या सगळ्या काळात नगरसेवक कुणीच नव्हता. गटार तुंबलं, पाणी गढूळ आलं, केईएममध्ये कुणाला खाट मिळेना, तर माणसं जाणार कुठे? ताईंच्या घरी. ताईंकडे ना पद, ना निधी, ना सहीचा शिक्का. तरी रात्री दोनला दार वाजलं की पायात चप्पल घालून निघायच्या. मी पाहिलंय, कारण बऱ्याचदा त्यांच्या मागे मीच असायचे.

नोव्हेंबरात आरक्षणाची सोडत निघाली. २२७ पैकी ११४ जागा महिलांना, आणि त्यात आमचा वॉर्ड सर्वसाधारण महिला. त्या संध्याकाळी चाळीत पेढे वाटले आम्ही.

आज सकाळी नऊला ताईंच्या दारात आम्ही बावीस जणी होतो. पहिल्या माळ्यावरच्या काकूंनी ओटी भरली, मी औक्षण केलं. ताईंच्या हातात निळी फाईल. अर्ज, शपथपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, निवडणुकीसाठी उघडलेल्या नव्या खात्याचं पासबुक, सूचक-अनुमोदकांच्या सह्या. पंधरा दिवस त्या फाईलसाठी पळापळ चालली होती. राहिला होता तो फक्त एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने लिहून दिलेला कागद. काल रात्री एक वाजेपर्यंत सांगत होते, ‘उद्या दुपारपर्यंत हातात पडेल.’

निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेर उभ्या राहिलो. फोन लावत होतो. आधी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, मग नुसती रिंग जायची, मग तीही जाईना. मुदत संपायला तासभर उरला असताना एक पांढरी गाडी आली. उतरलेल्या बाई महिन्यापूर्वीपर्यंत समोरच्या पक्षाच्या बॅनरवर होत्या. त्यांच्याबरोबरच्या माणसाच्या हातात पाकीट होतं. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. त्या पाकिटाकडे बघूनच कळलं.

ताईंनी फाईलचं इलास्टिक लावलं. ते सुटलं. परत लावलं, परत सुटलं. मग आमच्यातल्या सगळ्यात लहान पोरीला म्हणाल्या, ‘तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना? जा, वडापाव खाऊन ये.’

टॅक्सीत मी रडले. ताई रडल्या नाहीत.

पण मी अडकलेय ते वेगळ्याच ठिकाणी. माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. कुठल्या खोलीत कोण राहतं, मोबाईल नंबर काय, कुणाचं रेशनकार्ड अडलंय, कुणाच्या नातवाला आरटीईतून प्रवेश हवाय, मतदानाला कुणाला खुर्चीत बसवून न्यावं लागतं, सगळं त्यात आहे. इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून भाड्याने बदलापूर, विरार, दिव्याला राहायला गेलेल्यांचे पत्तेही आहेत. आज रात्री साडेनऊला कार्यालयातून एक मुलगा आला. म्हणाला, ‘वहिनी, ती वही द्या. मॅडमना उद्यापासून फिरायचंय.’ मॅडम म्हणजे नव्या बाई. मी म्हटलं, उद्या बघू. तर म्हणाला, ‘बघायचं काय त्यात? वही पक्षाची आहे.’

वही मी आणलेली आहे, माझ्या पैशाने. पण पैशाचा प्रश्न नाहीच. तेरा वर्षं मी ज्या दारात उभी राहिले तिथे ‘ताई बघतील’ असा शब्द दिला. पुढच्या आठवड्यात त्याच दारात दुसरीचं पत्रक घेऊन कशी उभी राहू? वही द्यावी की नाही, ते सांगा. ज्यांनी पक्षात काम केलंय त्यांनी खास सांगा.

---

साधा_कार्यकर्ता | ३१ डिसेंबर, रात्री १२.१५

ताई, वाचून पोटात तुटलं. इलास्टिकचं वाचल्यावर पुढचं वाचवेना, थांबून परत वाचलं. वहीबद्दल उद्या लिहितो, आज फक्त एवढंच की तुम्ही एकट्या नाही आहात.

---

बूथ_११२ | ३१ डिसेंबर, सकाळी ७.५०

चाळकरी ताई, राग मानू नका. मी वीस वर्षं एकाच पक्षात आहे, मला मत विचारलंत म्हणून सांगतो. वही देऊन टाका.

ताईंचं काम मोठं आहे, वाद नाही. पण पहिल्यांदा त्या दारात गेल्या तेव्हा लोकांनी दार उघडलं ते गळ्यातला पट्टा बघून. कार्यालय पक्षाचं होतं, तिथली खुर्ची पक्षाची, पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेला त्यात झेंडे पक्षाचे. अधिकारी फोन उचलत होते ते पक्षाच्या धाकाने. उद्या प्रत्येक कार्यकर्ता म्हणायला लागला की नावं माझी, वही माझी, तर पक्ष उरेल का? मग फक्त माणसांच्या टोळ्या उरतील. तशा टोळ्या आपण २०२२ च्या जूनपासून पाहतोच आहोत.

माझ्या वॉर्डातही आमच्या माणसाला नाही मिळालं. मीही रात्रभर जागाच आहे. पण आज दहा वाजता टेबल मांडायला जाणार.

---

जुना_दादरकर | ३१ डिसेंबर, सकाळी ९.२०

माझं वय ६८. दादर सोडून कुठे राहिलो नाही, त्यामुळे हे नाटक अनेकदा पाहिलंय. दोन प्रसंग सांगतो.

२००९ साल. सदा सरवणकर तेव्हा शिवसेनेचे आमदार. तिकीट आदेश बांदेकरांना गेलं. बांदेकर घराघरांत टीव्हीमुळे माहीत, माणूस चांगला, पण गल्लीतल्या पोरांना सरवणकर हवे होते. पोरांचा राग मनोहर जोशी सरांच्या घरापर्यंत पोचला. सरवणकर काँग्रेसमध्ये गेले, पंजावर लढले. माझ्या शेजारचा मुलगा, अठरा वर्षांचा असल्यापासून भगवा खांद्यावर घेतलेला, त्या पंधरवड्यात पंजाचं पत्रक वाटत होता. पत्रक देताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघायचा. निवडून आले तिसरेच, मनसेचे नितीन सरदेसाई. सरवणकर पुढे सेनेत परतले, २०१४ आणि २०१९ ला निवडूनही आले. तो मुलगा मात्र परत गेलाच नाही, कुठेच. आता मतदानाला जातो तेवढंच.

दुसरा प्रसंग शिवाजी पार्कचा, २०१३ चा दसरा मेळावा. मी मैदानात होतो. जोशी सर व्यासपीठावर आले आणि त्यांच्याविरुद्ध घोषणा सुरू झाल्या. युतीचा पहिला मुख्यमंत्री, सेनेतला सगळ्यात जुन्या पिढीतला माणूस. उठले आणि खाली उतरून निघून गेले. माझ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ बसले होते, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भाषण संपेपर्यंत परत घातली नाही. सरांचे ते समर्थक होते की नाही, मला माहीत नाही. पण मला त्या दिवसाचं भाषण आठवत नाही, ती टोपी आठवते.

वहीबद्दल एवढंच म्हणतो, घाई करू नका.

---

चाळकरी | ३१ डिसेंबर, सकाळी १०.०५

दादरकर काका, तो मुलगा वाचून काळजात कळ आली. मला तसं व्हायचं नाहीये.

बूथ_११२, राग नाही. तुम्ही टेबल मांडायला निघालात हे वाचून उलट आदर वाटला. पण एक सांगा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या चाळीला बांबू लावून सील केलं, तेव्हा ताईंच्या गळ्यात पट्टा नव्हता. दूध, औषधं, डायबेटिसवाल्यांच्या गोळ्या त्यांनी बांबूंच्या फटीतून आत दिल्या. त्या वेळी दार उघडलं ते कशाला बघून? पक्षाचं ऋण मी नाकारत नाही. ताईंनीही कधी नाकारलं नाही. पण ऋण दोन्ही बाजूंचं असतं ना?

---

बोरिवली_फास्ट | ३१ डिसेंबर, दुपारी १.३०

आमच्याकडे हे दर पाच वर्षांनी होतं. बोरिवली विधानसभेत २०१४ ला विनोद तावडे, २०१९ ला सुनील राणे, २०२४ ला संजय उपाध्याय. तिन्ही वेळा भाजप, तिन्ही वेळा नवा माणूस, तिन्ही वेळा आम्हीच निवडून दिला. लोकसभेला २०१९ मध्ये गोपाळ शेट्टी साडेचार लाखांहून जास्त मतांनी जिंकले होते, तरी २०२४ ला तिथे पीयूष गोयल आले. मग विधानसभेला शेट्टींनी अपक्ष अर्ज भरला आणि ४ नोव्हेंबरला, शेवटच्या दिवशी, मागे घेतला.

अर्ज भरल्यापासून मागे घेईपर्यंतचे ते दिवस मी विसरणार नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीस-तीस वर्षांची मैत्री तुटायची वेळ आली. एक म्हणे, गोपाळभाऊंनी उद्यानं दिली, त्यांच्यासाठी लढायचंच. दुसरा म्हणे, कमळासमोर उभं राहायचं म्हणजे आईसमोर उभं राहायचं. अर्ज मागे घेतल्याची बातमी आली तेव्हा मला राग आला, आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं होतं. माणसावर प्रेम होतं, पण चिन्हाविरुद्ध प्रचाराला पाय उचलत नव्हता.

बाहेरच्यांना वाटतं कार्यकर्त्याला फक्त राग येतो. राग दोन दिवसांत जातो हो. नंतर लाज वाटते. दूधवाला, इस्त्रीवाला, वॉचमन सगळे विचारतात, ‘काय झालं तुमच्या साहेबांचं?’ आणि आपल्यापाशी उत्तर नसतं.

---

मतदारयादी | ३१ डिसेंबर, दुपारी ३.१०

भावना कळतात, पण या वेळी एवढ्या ठिकाणी हे का झालं तेही बघायला हवं.

२०१७ ला मुंबईत सगळे स्वबळावर लढले. शिवसेना वेगळी, भाजप वेगळा, काँग्रेस-राष्ट्रवादीही वेगळे. सेनेचे ८४ आले, भाजपचे ८२. म्हणजे प्रत्येक मोठ्या पक्षात बहुतेक वॉर्डांत कुणी ना कुणी उमेदवार होता आणि त्याच्या मागे त्याची माणसं. त्यानंतर आठ-नऊ वर्षं निवडणूकच नाही. इच्छुक मात्र साठतच गेले. मध्ये पक्ष फुटले, त्यामुळे एका वॉर्डात एकाच विचाराचे दोन-दोन दावेदार तयार झाले. आणि आता युत्या. महायुतीत भाजप १३७, शिंदेंची सेना ९०. झाले २२७. इकडे दोन ठाकरे एकत्र आले, त्यांच्यातही वाटप. म्हणजे नऊ वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या माणसाला शेवटच्या आठवड्यात कळतं की जागाच मित्रपक्षाला गेली.

यात कुणा एकाचा दुष्टपणा शोधायला नको. पण यादी जाहीर न करता रात्री फोन करून एबी फॉर्म देणं, ते मात्र मुद्दाम केलं जातं. बंडखोराला अर्ज भरायला वेळच मिळू नये म्हणून. चाळकरी ताईंच्या ताईंना फोन उचलून ‘नाही’ म्हणाले असते, तर त्या माऊलीला कार्यालयाबाहेर उभं राहावं लागलं नसतं. नकार दिला म्हणून माणूस तुटत नाही. ताटकळत ठेवलं की तुटतो.

---

पूर्वेचा_वांद्रेकर | ३१ डिसेंबर, संध्याकाळी ६.००

अपक्ष उभं करायचा विचार असेल तर आमच्याकडचा २०१९ चा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

वांद्रे पूर्वचे सेनेचे आमदार बाळा सावंत वारले, २०१५ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी तृप्ती सावंत उभ्या राहिल्या आणि नारायण राणेंना हरवून आल्या. २०१९ ला त्यांना डावलून तेव्हाचे महापौर विश्वनाथ महाडेश्वर यांना तिकीट. तृप्तीताई अपक्ष लढल्या. त्यांना २४ हजारांवर मतं पडली, महाडेश्वर सहा हजारांच्या आत हरले आणि काँग्रेसचे झिशान सिद्दिकी निवडून आले. मातोश्री ज्या मतदारसंघात, तिथे.

मी तृप्तीताईंना मत दिलं होतं. निकालाच्या दिवशी आमच्या गल्लीत कुणीच फटाके लावले नाहीत. एकमेकांच्या नजरा चुकवत होतो. तरी आज विचाराल तर परत तेच करेन. बाळाभाऊंच्या घरच्यांना रस्त्यावर सोडणं मला जमलं नसतं.

---

बूथ_११२ | ३१ डिसेंबर, रात्री ८.४५

वांद्रेकर, हेच तर म्हणतोय. मन मोकळं झालं, जागा गेली.

आणि दुसरी बाजूही आहे. २०१९ ला तावडे आणि बावनकुळे दोघांचीही तिकिटं कापली होती. दोघेही गप्प राहिले. तावडे पुढे पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस झाले, बावनकुळे २०२२ ला प्रदेशाध्यक्ष. थांबणाऱ्याला मिळतं.

---

घरची | ३१ डिसेंबर, रात्री १०.३०

इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज राहवलं नाही.

बूथदादा, थांबणाऱ्या नेत्याला मिळतं. पण सतरंज्या उचलणाऱ्याला काय मिळतं? तावडे-बावनकुळे यांच्यासाठी ज्यांनी २०१९ ला डोळे पुसले, त्यांना कुणी सरचिटणीस केलं नाही.

माझ्या नवऱ्याला एकदा असंच डावललं होतं. कुठला पक्ष, कुठलं साल, जाऊ दे. तुम्ही सगळे वॉर्डाचं बोलताय, मी घरातलं सांगते. पहिल्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते. चहाचं पातेलं गॅसवरून उतरत नाही. ‘साहेब, लढा, आम्ही आहोत.’ दुसऱ्या दिवशी निम्मे येतात. चौथ्या दिवशी फोन वाजत नाही. इतका वाजत नाही की माणूस उचलून बघतो, बंद तर नाही ना पडला. आमच्या ह्यांनी तर माझ्या फोनवरून स्वतःला मिस्ड कॉल देऊन पाहिला होता.

मंडपवाल्याचं बिल राहिलेलं असतं, दहीहंडीच्या टी-शर्टवाल्याचं राहिलेलं असतं. तीन वर्षांपूर्वीच्या आरोग्य शिबिराचे पैसे माझ्या बांगड्यांतून गेले होते. हे सगळं मागायचं कुणाकडे?

म्हणून चाळकरीताई, तुम्हाला एकच विनंती. वहीचं काहीही करा, पण चौथ्या दिवशी ताईंकडे जा. काम नसलं तरी जा. मुद्दाम जेवणाच्या वेळेला जा.

---

साधा_कार्यकर्ता | ३१ डिसेंबर, रात्री ११.५८

घरची वहिनी, दंडवत.

---

दुसऱ्या_बाजूचा | १ जानेवारी, सकाळी ११.००

शिव्या पडतील हे धरून लिहितोय. मी त्या पांढऱ्या गाडीतला आहे. चाळकरी ताईंच्या वॉर्डातला नव्हे, पण तशाच गाडीतला.

आमचा नेता जुन्या पक्षातून बाहेर पडला, आम्ही चाळीस-पन्नास पोरं त्याच्यामागे आलो. बावीस वर्षांचा पक्ष सोडला. ज्या मंडळाच्या आरतीला उभा राहायचो तिथे या वर्षी गणपतीत मला कुणी टाळ हातात दिला नाही. आता नव्या पक्षात तिकीट मिळालं, तर इथली माणसं आमच्याशी बोलत नाहीत. कार्यालयात गेलो की बोलणी थांबतात. तुमच्या ताई थांबल्या याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मी त्यांच्यासारख्याच एका ताईंच्या हाताखाली शिकलो. पण तुमचं घर अजून तुमचं आहे. आम्हाला जुनंही राहिलं नाही आणि नवंही झालं नाही.

तुमच्या दारी जो मुलगा वही मागायला आला, त्यालाही कुणीतरी पाठवलाय. तो परत जाऊन ‘मिळाली नाही’ म्हणून बोलणी खाणार. त्याच्यावर राग धरू नका.

---

चाळकरी | १ जानेवारी, दुपारी १२.२०

तुम्हाला शिव्या कशाला? लिहिलंत ते बरं केलंत. टाळाचं वाचून वाईट वाटलं. त्या मुलावर राग नाही, त्याच्या मुंजीत जेवलेय मी.

---

खारूताई | १ जानेवारी, दुपारी ४.१५

वहीच्या प्रश्नाला अजून कुणी सरळ उत्तर दिलं नाही, म्हणून देते.

मतदारयादी सगळ्या पक्षांना मिळते, ती त्यांच्याकडे आहेच. तुमच्या वहीत जे जास्तीचं आहे ते लोकांनी विश्वासाने सांगितलेलं आहे. कुणाच्या घरात आजार, कुणाचे कागद अडलेले, कुणाचा नंबर. कुणा काकूंनी सुनेच्या दवाखान्याबद्दल तुम्हाला सांगितलं ते चिन्हाला सांगितलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्या ताईंनाही सांगितलेलं नाही. ते तुम्हाला सांगितलंय. त्यामुळे वही पक्षाची नाही आणि ताईंचीही नाही. ज्याचं पान आहे त्याची ती. त्यांना विचारून काय ते करा.

---

जुना_दादरकर | १ जानेवारी, संध्याकाळी ७.००

खारूताईंना पूर्ण अनुमोदन. सत्तर टक्के भांडण इथेच मिटलं.

आणि माझ्या कालच्या प्रतिसादात एक राहून गेलं होतं. २०१७ ला इथल्याच एका वॉर्डात सेनेने सरवणकरांच्या मुलाला तिकीट दिलं तेव्हा महेश सावंत अपक्ष लढले, थोडक्या मतांनी हरले. तेच महेश सावंत २०२४ ला माहीमचे आमदार झाले, सरवणकर आणि अमित ठाकरे दोघांना मागे टाकून, १३१६ मतांनी. म्हणजे बंड केलं की माणूस संपतोच असं नाही, आणि थांबला की मिळतंच असंही नाही. ताईंना जे करायचं असेल ते त्यांचं त्यांनी ठरवावं. माणसांनी त्यांच्या खांद्यावरून आपला राग काढू नये.

---

चाळकरी | २ जानेवारी, रात्री ९.३०

आज अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस होता. आमच्या ताईंनी अर्ज भरलाच नव्हता, त्यामुळे मागे घ्यायचाही प्रश्न नव्हता. ३० तारखेला फाईल हातात होती, अपक्ष म्हणून पाच मिनिटांत भरता आला असता. का नाही भरलात, असं आज विचारलं. घरची वहिनींचं ऐकून जेवणाच्या वेळेलाच गेले होते. ताई भाकऱ्या थापत होत्या. म्हणाल्या, ‘मी उभी राहिले असते तर तुम्ही बावीस जणी माझ्यामागे आला असता. उद्या तुमच्या पोरांची कामं कोणी केली असती? तुम्हाला कार्यालयाच्या पायरीवर कुणी उभं केलं नसतं.’ मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, ‘पण मला एक फोन करायला हवा होता गं त्यांनी.’

एवढंच बोलल्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला.

निरोप आला आहे म्हणे, निवडणुकीनंतर काहीतरी पद देऊ. कुठलं ते सांगितलेलं नाही. ताईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

वहीचं सांगते. खारूताईंचं ताईंना वाचून दाखवलं. त्यांना पटलं. वही मी दिली नाही. त्या मुलाला घरी बोलावून चहा दिला आणि सांगितलं, छापील यादी तुमच्याकडे आहे, मॅडमना माळ्यामाळ्यावर घेऊन जायला मी येईन, ओळख करून देईन, पण वही देणार नाही. तो म्हणाला, ‘वहिनी, मी सांगतो वर.’ काय सांगितलं ते माहीत नाही, परत कुणी आलं नाही.

आणि उद्यापासून बदलापूर-विरारच्या घरांना एक-एक फोन करणार आहे. ताई उभ्या नाहीत हे माझ्या तोंडून कळलेलं बरं. मत कुणाला द्यायचं ते सांगणार नाही.

---

बूथ_११२ | २ जानेवारी, रात्री १०.१०

ताई, माझं मत बदललं असं म्हणत नाही. पण तुम्ही ओळख करून द्यायला जाणार म्हणालात, त्याला हिंमत लागते. आमच्याकडे डावललेल्या दादांनी आज दुपारी स्वतः येऊन माझ्या टेबलावर बसून स्लिपा लिहिल्या. त्यांच्या समोर बसून मला लिहिता येईना. उठून पाणी आणायला गेलो, परत यायला वेळ लावला.

---

मतदारयादी | ३ जानेवारी, सकाळी ८.४०

फोन जरूर करा आणि मतदानाला या असंही सांगा. २०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबईत निकाल ४८ मतांनी लागला. तुमच्या एका मजल्यावर त्याहून जास्त मतं असतील. कुणालाही द्या, पण घरी बसू नका. रुसून घरी बसलेल्याची दखल कुठलाच पक्ष घेत नाही, कारण तो मोजणीत दिसतच नाही.

---

चाळकरी | १५ जानेवारी, रात्री ८.१५

आज मतदान झालं. धागा मी सुरू केला होता, म्हणून आजचं लिहिते.

वहीतले सगळे फोन झाले होते, असं मला वाटत होतं. दुपारी एकच्या सुमारास केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होते. नव्या मॅडमच्या टेबलावर नाही, समोरच्या झाडाखाली, ताईंबरोबर. तेवढ्यात पिवळी नऊवारी नेसलेल्या एक आजी काठी टेकत येताना दिसल्या. तळमजल्यावर राहायच्या, आमची जुनी बिल्डिंग पाडल्यावर मुलाबरोबर बदलापूरला गेल्या. वहीत त्यांच्या नावापुढे नातवाचा नंबर होता, तो बदललेला निघाला, आणि मी पुढच्या पानावर गेले होते. माझी चूक.

आजी एकट्या आल्या होत्या. दादरला गाडी बदलून करी रोडला उतरल्या, तिथून चालत. हातातल्या पिशवीत मतदार ओळखपत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, आणि ताईंसाठी चार तिळाचे लाडू, कालची संक्रांत म्हणून. ताईंच्या हातावर लाडू ठेवले आणि मला विचारलं, ‘आपलं बटण कितवं गं?’

मला सांगता येईना. ताईंनीच सांगितलं. वाकून, कानाशी, हळू. आजींनी ऐकून घेतलं. मग ताईंच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि म्हणाल्या, ‘मग मी एवढ्या लांब कशाला आले?’

ताई म्हणाल्या, ‘मला भेटायला.’

मी आजींना रांगेत सोडून आले. वयस्कर म्हणून पोलिसाने लगेच आत घेतलं. बाहेर आल्या तेव्हा बोटाला शाई होती. कुणाला दिलं ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिघींनी एकेक लाडू खाल्ला. चौथा आजींनी परत प्लास्टिकमध्ये गुंडाळला, त्या वही मागायला आलेल्या मुलासाठी. तो टेबलावर सकाळपासून उपाशी बसला होता, आणि आजी त्याला लहानपणापासून ओळखतात.